ब्लश टेराकोटा, अठरा टक्के सूट

मडगावहून आग्नेल माल घेऊन येतो
तेव्हा आधी खोकी काढतो, मग घाम पुसतो.
या खेपेला सगळंच गुलाबी:
कानात घालायचे थेंब, मनगटावरचं घड्याळ,
केस वाळवायचं यंत्र, मुठीत मावणारा पंखा,
आणि एक फोन, ज्याच्या खोक्यावर
रंगाचं नाव ‘ब्लश टेराकोटा’.
"बायलांक आवडटा," आग्नेल म्हणतो.
मी बाई आहे हे त्याच्या जरा उशिरा लक्षात येतं.

कुडचड्यात, स्टेशनच्या रस्त्याला, सहा फुटांचं माझं दुकान.
आठ वर्षं मी ही यंत्रं उघडते आहे.
काळं असो, गुलाबी असो,
पाठीचे स्क्रू काढले की आत तीच हिरवी पाटी.
गुलाबीला दोनशे जास्त पडतात.
ते दोनशे आत कुठेच सापडत नाहीत.
मी शोधलेत.

फोन चार महिने काचेत राहिला.
कॉलेजच्या मुली यायच्या, गालाशी धरून बघायच्या,
आणि काळा घेऊन जायच्या,
कारण पैसे पप्पांचे.
शेवटी मी चिठ्ठी चिकटवली: अठरा टक्के सूट.
तेव्हा पुर्सो वेळीप आला.

पुर्सो टिपर चालवायचा,
रिवणच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत, दिवसाला नऊ फेऱ्या.
आता टिपर घरामागे उभा, चाकांना दगड लावून.
बोटं इतकी जाड
की एका दाबात तीन अक्षरं उमटतात.
"हाच रंग चालेल?" मी विचारलं.
"सवाय न्ही? मागीर दी."

तावेर्नात हसले त्याला. आठवडाभर ‘पुर्सोबाय’ म्हणाले.
त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला,
गुलाबी पाठ सगळ्यांना दिसेल असा,
आणि दुसरा पेला मागवला.

चतुर्थीनंतर तो परत आला. चार्ज होत नाही.
भिंगाखाली धरला तर तोंड गच्च भरलेलं.
आधी ब्रश, मग सुई.
पांढऱ्या कागदावर तांबूस पूड पडली,
जड, थोडी चमकणारी.
"खाण बंद आहे ना?"
तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, जेवण झालं की टिपरमध्ये जाऊन बसतो,
डॅशबोर्डवर फोन ठेवतो, कांतारां लावतो.
सीट थापटली की अजून निघते.

कागद कचऱ्यात टाकायला उचलला
आणि काचेत त्या फोनचं रिकामं खोकं दिसलं.
शेजारी धरून पाहिलं.

आमच्या दारावरून मिनिटाला एक टिपर जायचा.
दोरीवरचा पांढरा ब्लाउज दुपारपर्यंत याच रंगाचा.
आई नीळ घालायची, लिंबू चोळायची,
तरी प्रेसिला टीचर मला रांगेतून बाहेर काढायची:
"व्हायट म्हणजे व्हायट!"
कुत्री या रंगाची होती. पपईची पानं.
चॅपेलच्या पायऱ्या, दीपमाळेची रस्त्याकडची बाजू,
बाबांच्या रुमालातला खोकला.
नाव नव्हतं त्याला कुणी दिलं. धूळ म्हणायचो.
आणि आता खोक्यावर छापलंय, तेरा हजार नऊशे नव्वद,
सर्व करांसहित.

पुर्सोनं विचारलं, किती झाले.
पन्नास, मी म्हटलं.
त्यानं शंभराची नोट काढली, काचेवर बोट टेकवलं:
उरलेल्या पन्नासात ते कानातले थेंब येतील?
ते बाराशेचे.
"जळूं," तो म्हणाला, अजिबात न रागावता,
आणि फोन वरच्या खिशात घातला,
पाठ बाहेरच्या बाजूला.
शर्ट धुऊन धुऊन विरलेला.
तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत
कापडाआडून दिसत होता तो चौकोन.